पेंटियम जी४५६० की रायझन २२००जी? जुना डेस्कटॉप घेण्याआधी

डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगचे प्रवेश सुरू झाले की जुन्या कॉम्प्युटरची चौकशी एकदम वाढते. घरातलं मूल पहिल्यांदाच कोडिंग शिकणार असतं, फी भरून झाल्यावर नव्या लॅपटॉपला पैसे उरलेले नसतात, आणि ओळखीतलं कुणीतरी सांगतं, "सेकंडहॅण्ड डेस्कटॉप घ्या, भागून जाईल." सल्ला चांगलाच आहे. डेस्कटॉप दुरुस्त होतो, त्यात हळूहळू भर घालता येते, आणि तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या जुन्या लॅपटॉपपेक्षा तो बहुतेक वेळा दमदार निघतो. खरी अडचण दुकानात गेल्यावर येते. लॅमिंग्टन रोडवर जा नाहीतर आपल्या गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे, टेबलावर दोन काळे कॅबिनेट ठेवलेले असतात. दोन्हींत ८ जीबी रॅम, दोन्हींत एसएसडी. एकावर पेंटियमचा स्टिकर, दुसऱ्यावर रायझनचा. दुकानदार सांगतो, "दोन्ही सारखेच पळतात, हा थोडा स्वस्त आहे."

ते सारखे पळत नाहीत. पण कुठे सारखे आहेत आणि कुठे नाहीत, हे नीट कळलं तरच किमतीतला फरक देण्याजोगा आहे की नाही ते ठरवता येतं. म्हणून या बजेटमध्ये हमखास समोर येणारे दोन प्रोसेसर घेऊ: इंटेलचा पेंटियम जी४५६० आणि एएमडीचा रायझन ३ २२००जी.

जी४५६० जानेवारी २०१७ मध्ये आला. त्या वेळी त्याची किंमत ६४ डॉलर होती आणि त्याने स्वस्त कॉम्प्युटर बांधणाऱ्यांमध्ये खळबळ उडवली. त्याच्या आधीच्या पेंटियमला दोन कोअर आणि दोनच थ्रेड असायचे. जी४५६० मध्ये इंटेलने हायपर-थ्रेडिंग दिलं, म्हणजे कोअर दोनच पण विंडोजला दिसणारे थ्रेड चार. त्याच पिढीचा आय३-७१०० हासुद्धा दोन कोअर, चार थ्रेडचाच होता. त्याचा वेग ३.९ गिगाहर्ट्झ, पेंटियमचा ३.५. आणि आय३ची किंमत होती ११७ डॉलर. एवढ्याशा फरकासाठी जवळपास दुप्पट पैसे का द्यायचे, असा प्रश्न लोकांना पडला आणि पेंटियम धडाधड खपला. आज तो जुन्या बाजारात एवढा दिसतो तो त्यामुळेच.

२२००जी फेब्रुवारी २०१८ चा. किंमत ९९ डॉलर. चार खरे कोअर, चार थ्रेड, वेग ३.५ ते ३.७ गिगाहर्ट्झ, आणि चिपमध्येच व्हेगा ८ नावाचं ग्राफिक्स. एएमडीच्या झेन रचनेवरच्या पहिल्या रायझनमध्ये ग्राफिक्स नव्हतं. स्क्रीन दिसायला वेगळं कार्ड लावावंच लागायचं. २२००जीने ती गरज संपवली, आणि तेही अशा ग्राफिक्सने की ज्यावर साधे गेम खरोखर खेळता येतात.

आता वेगाचं पाहू. एका वेळी एकच काम करायचं असेल, एक्सेलची फाइल उघडणं, टॅलीत नोंदी टाकणं, मराठी टायपिंग, तर दोघांत फरक जाणवणार नाही. सिनेबेंच आर१५ या जुन्या चाचणीत एका कोअरचे दोघांचे गुण दीडशेच्या आसपास येतात. सगळे कोअर कामाला लावले की मात्र पेंटियम पावणेचारशेच्या आसपास थांबतो आणि रायझन साडेपाचशेच्या पुढे जातो, म्हणजे साधारण दीडपट. याचं कारण सरळ आहे. हायपर-थ्रेडिंगमुळे एका कोअरचा रिकामा जाणारा वेळ दुसऱ्या थ्रेडला मिळतो, पण हिशेब करणारी यंत्रणा एकच राहते. चार थ्रेड दिसले म्हणून चार कोअर होत नाहीत. दुकानात "क्वाड" असं मोघम सांगितलं जातं तेव्हा टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये "कोअर्स" आणि "लॉजिकल प्रोसेसर्स" हे दोन्ही आकडे स्वतः वाचा. पेंटियमवर तिथे २ आणि ४ दिसेल, रायझनवर ४ आणि ४.

घरात हा फरक कुठे जाणवतो? मुलगी ऑनलाइन क्लासला बसली आहे, कॅमेरा सुरू आहे, शेजारी ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब आणि वर्डची फाइल. इथपर्यंत पेंटियम निभावतो. मग मागच्या मागे विंडोजचं अँटीव्हायरस स्कॅनिंग सुरू होतं, किंवा अपडेट उतरायला लागतं. सीपीयूचा आलेख शंभरला टेकतो, आवाज तुटतो, माऊस अडखळतो. स्कॅन संपेपर्यंत काही करता येत नाही. रायझनवर तेच स्कॅन सुरू होतं आणि बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही. चाचणीतले गुण पाहून जे कळत नाही ते इथे कळतं: दोन कोअरचा प्रोसेसर सरासरीला कमी पडत नाही, ऐन गर्दीच्या वेळी कमी पडतो.

कॉम्प्युटर शाखेच्या विद्यार्थ्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती कुठल्याच दुकानात सांगितली जात नाही. या पेंटियममध्ये एव्हीएक्स नावाचा सूचनासंच नाही. इंटेलने तो त्या काळात आय३ आणि त्यावरच्या प्रोसेसरना दिला, पेंटियमला नाही. रायझनमध्ये तो आहे, एव्हीएक्स२ सुद्धा आहे. ऑफिसच्या कामात याने काडीचाही फरक पडत नाही. पण मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० आवृत्तीपासून एव्हीएक्सशिवाय चालतच नाही, आणि टेन्सरफ्लोची तयार मिळणारी पॅकेजं २०१८ मधल्या १.६ आवृत्तीपासून एव्हीएक्स मागतात. विद्यार्थी सगळं नीट इन्स्टॉल करतो, प्रोग्राम सुरू करतो आणि "इलिगल इन्स्ट्रक्शन" एवढाच संदेश येऊन सगळं बंद पडतं. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. दिवसभर तो इन्स्टॉल-अनइन्स्टॉल करत बसतो. दोष त्याचा नसतो, चिपमध्ये ती सोयच नसते. काही नवे गेमही याच कारणाने सुरू होत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला वेब डेव्हलपमेंट किंवा मशीन लर्निंग घेणार असाल, तर मला वाटतं फक्त या एका कारणासाठी पेंटियमवर फुली मारावी.

अँड्रॉइडचं एम्युलेटर मात्र दोन्हींवर चालू शकतं, कारण व्हर्च्युअलायझेशन दोघांनाही आहे. एएमडीच्या बोर्डांवर ते बहुतेक वेळा बंद ठेवलेलं असतं. बायोसमध्ये जाऊन "एसव्हीएम मोड" सुरू करावा लागतो. तो सुरू न केल्यामुळे "रायझनवर अँड्रॉइड स्टुडिओ चालत नाही" असं समजून बसलेली मुलं बरीच असतात.

ग्राफिक्समध्ये तुलनाच नाही. पेंटियममधलं एचडी ६१० हे त्याच पिढीच्या एचडी ६३० च्या निम्म्या ताकदीचं. यूट्यूब, सिनेमा, पीपीटी यासाठी ते पुरेसं आहे, कारण एचईव्हीसी आणि व्हीपी९ व्हिडिओ उलगडण्याची सोय त्यात चिपमध्येच आहे. गेमसाठी ते नाही. व्हेगा ८ त्याच्या कित्येक पट ताकदीचं आहे. जीटीए ५ सारखा गेम सेटिंग खाली ठेवून खेळता येतो, फोटोशॉप आणि छोटे व्हिडिओ एडिट करताना हात अडत नाही.

पण व्हेगाची एक अट आहे, आणि ती न पाळल्यामुळे किती तरी रायझन अर्ध्या ताकदीवर चालताना दिसतात. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. ते रॅमवरच जगतं, त्यामुळे रॅमचा मार्ग जितका रुंद तितकं ते पळतं. डीडीआर४ २४०० ची एकच पट्टी असेल तर सेकंदाला १९.२ जीबी डेटा जाऊ शकतो. दोन पट्ट्या जोडीने लावल्या तर ३८.४ जीबी. म्हणजे ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या गेममध्ये सरळ सरळ उजव्या ठरतात. जुना माल विकणाऱ्यांकडे मात्र जवळजवळ नेहमी एकच पट्टी लावलेली असते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलंत की खाली "स्लॉट्स युज्ड" लिहिलेलं दिसतं. तिथे "१ ऑफ २" असेल तर घेतानाच दुसरी पट्टी मागून घ्या आणि भाव तसा ठरवा. हेही लक्षात ठेवा की ग्राफिक्स रॅममधला आपला वाटा आधीच बाजूला काढून ठेवतं. बायोसच्या सेटिंगप्रमाणे तो २ जीबीपर्यंत जाऊ शकतो. मग ८ पैकी विंडोजला ६ च उरतात. रायझन घ्यायचा तर १६ जीबीचं बजेट मनात धरूनच घ्यावा, असं माझं मत आहे.

उलट वेगळं ग्राफिक्स कार्ड आधीच हाताशी असेल तर व्हेगाचा मुद्दा निकालात निघतो. तिथे पेंटियम काही वर्षांपूर्वी खरंच मोलाचा होता. आजच्या गेमना मात्र दोन कोअर पुरत नाहीत. सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात आणि मध्येच चित्र गोठतं.

विजेचा हिशेब अनेक पालक विचारतात. कागदावर पेंटियम ५४ वॅट आणि रायझन ६५ वॅट. हे आकडे उष्णतेचे आहेत, मीटरचे नाहीत. समजा वापरात २० वॅटचा फरक पडला, रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस, तर चार युनिट झाली. यावरून निवड करू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एवढ्या जुन्या वर्गात माणूस प्रोसेसर विकत घेत नाही, मदरबोर्ड विकत घेतो. प्रोसेसर आज आहे, दोन वर्षांनी काढून दुसरा बसवता येईल. तो दुसरा कोणता असेल हे बोर्ड ठरवतं.

पेंटियम ज्या एच११० किंवा बी२५० बोर्डावर असतो, त्याचा सॉकेट एलजीए ११५१. त्यावर पुढची मजल सातव्या पिढीच्या आय७-७७०० पर्यंत, बस. आठव्या पिढीचा आय३-८१०० त्याच सॉकेटमध्ये बसतो, नाव तेच, आकार तोच, पण या बोर्डांवर तो चालत नाही. त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. "सॉकेट सेम आहे, कधीही बदलून घ्या" असं कुणी सांगितलं तर ते अर्धवट आहे. शिवाय एच११० च्या बऱ्याच बोर्डांवर एम.२ चा खाचा नसतो, त्यामुळे एनव्हीएमई एसएसडी लावता येत नाही, साटा एसएसडीवर समाधान मानावं लागतं. साटा एसएसडीही रोजच्या कामाला उत्तम आहे. हार्डडिस्कवर विंडोज चालवणं मात्र आता खरोखर बंद करा. एसएसडी असलेला पेंटियम हा हार्डडिस्कवरच्या रायझनपेक्षा सुखाचा.

रायझनचा सॉकेट एएम४. याच सॉकेटवर एएमडीने पुढे ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर दिले. सुरुवातीला जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांना ते नाकारले होते, पण २०२२ मध्ये त्यांच्यासाठीही बायोस अपडेट येऊ लागले. म्हणजे आज २२००जी असलेल्या बी४५० बोर्डावर उद्या रायझन ५ ५६००जी बसवता येतो: सहा कोअर, बारा थ्रेड, रॅम तीच, कॅबिनेट तोच. हे करताना दोन गोष्टी क्रमाने करा. बायोस अपडेट आधी, जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच; नवा बसवल्यावर स्क्रीनच आली नाही तर अपडेट करणार कसं? आणि दुसरं, शेवटचं "जी" नीट वाचा. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. स्वस्त मिळाला म्हणून ५६०० आणला आणि स्क्रीन काळीच राहिली, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांची दुकानात कमी नसते.

२२००जी जुन्या ए३२० किंवा बी३५० बोर्डावर असेल तर तो बोर्ड चालू अवस्थेतच पाहून घ्या. हे बोर्ड २०१७ चे, प्रोसेसर २०१८ चा. कारखान्यातल्या मूळ बायोसवर तो ओळखला जात नाही. नुसता बोर्ड एका ठिकाणी आणि प्रोसेसर दुसऱ्या ठिकाणी घेऊन जुळवणी करणार असाल तर बी४५० शोधा.

विंडोजचं सांगायला हवं, कारण इथे दोघांचीही बाजू पडती आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि तिच्या पुढचे प्रोसेसर आहेत, त्यामुळे जी४५६० बाहेर. रायझनबाबत लोक फसतात ते नावामुळे. २००० मालिका चालते असं ऐकलेलं असतं, पण २२००जी मध्ये पहिली झेन रचना आहे आणि तो त्या यादीत नाही. दुकानात याच मशीनवर विंडोज ११ चालू करून दाखवतात. आडवाटेने ते बसवता येतं हे खरं, पण पुढच्या मोठ्या अपडेटची खात्री कुणी देत नाही. बँकेचे व्यवहार, जीएसटीचं काम त्या कॉम्प्युटरवर होणार असेल तर हे हलक्यात घेऊ नका.

म्हणून दुकानात तिसरं नाव विचारा: रायझन ३ ३२००जी. हा २०१९ चा, झेन प्लस रचनेचा, वेग ३.६ ते ४ गिगाहर्ट्झ, तोच एएम४ सॉकेट, आणि तो विंडोज ११ च्या यादीत आहे. वेगात तो २२००जीच्या थोडाच पुढे आहे. पण अधिकृत विंडोज ११ मिळण्याचं मोल त्या थोड्या वेगापेक्षा फार मोठं. दोघांच्या भावात हजार-दीड हजाराचा फरक असेल तर विचार न करता ३२००जी घ्या. इंटेलकडेच जायचं असेल तर आय३-८१०० पाहा, तोही चार कोअरचा आणि तोही यादीत. मात्र त्याचा बोर्ड एच३१० किंवा पुढचा असल्याची खात्री करा.

मग पेंटियम कुणी घ्यावा? पीडीएफ वाचणं, मराठी टायपिंग, व्हिडिओ लेक्चर आणि अर्ज भरणं एवढंच काम असलेल्या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने खुशाल घ्यावा, जर तो सगळ्या संचासह रायझनपेक्षा निदान अडीच-तीन हजारांनी स्वस्त मिळत असेल तर. त्यावर लिनक्स मिंट टाका. ती फुकट आहे, तिला सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात, इन्स्क्रिप्टने मराठी टाइप होतं, लिब्रेऑफिस सोबतच येतं. टॅली लागत असेल तर मात्र लिनक्सचा विचार सोडा. किमतीतला फरक हजाराच्या घरात असेल तर पेंटियम घेण्याला मला एकही कारण दिसत नाही.

जाहिरातीत नुसतं "कोअर आय५, ८ जीबी, २५६ एसएसडी" एवढंच लिहिलेलं दिसलं तर आधी पूर्ण क्रमांक मागा. आय५ २०१२ मध्येही होता. तिसऱ्या पिढीचा आय५-३४७० चार कोअरचा आहे खरा, पण त्याला डीडीआर३ रॅम लागते आणि पुढे वाढायला जागा नाही.

माल तपासायला जाल तेव्हा पेन ड्राइव्हमध्ये सीपीयू-झेड आणि क्रिस्टलडिस्कइन्फो घेऊन जा. पहिल्यात प्रोसेसर, बोर्ड आणि बायोसची तारीख दिसते, दुसऱ्यात एसएसडी किती तास चालली आहे आणि तिची तब्येत कशी आहे ते कळतं. मग दहा-पंधरा मिनिटं सिनेबेंच लूपमध्ये चालू ठेवा आणि तापमान पाहा. प्रोसेसर सहसा मरत नाही. बोर्ड मरतो, आणि त्याहून आधी हलका एसएमपीएस मरतो. कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं नाव वाचा. फुगलेले कपॅसिटर दिसले तर तिथून उठा.

इंटेलच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात, रायझन एएम४ मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१ पिना. इंटेलचा सुटा बोर्ड घेताना सॉकेटवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. सगळ्या पिना एकाच रेषेत चमकल्या पाहिजेत. रायझनचा कूलर काढू देताना उभे राहून पाहा. थर्मल पेस्ट वाळलेली असते आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. मशीन आधी दहा मिनिटं चालवून गरम करायचं, बंद करून स्क्रू सोडायचे, आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. नवी पेस्ट त्यांच्याकडूनच लावून घ्या.

बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, बोर्डाचं मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून मागा, आणि टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची ते त्याच कागदावर घ्या. घरी आणल्यावर ते दिवस कॉम्प्युटर नुसता ठेवू नका. रोज काही तास चालवा, सगळे यूएसबी पोर्ट, ऑडिओ, लॅन तपासा, रॅमची दुसरी पट्टीही त्याच आठवड्यात लावून पाहा. बोर्डाचा एखादा स्लॉट मेलेला असेल तर तो वॉरंटी संपण्याआधीच कळायला हवा.